कौतुक जुळ्यांचे, एकटेपण आईबापांचे

जुळी मुले ही आपल्याकडे थांबून बघायची गोष्ट आहे. बाजारात, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात दोन सारखी टोपडी दिसली, की अनोळखी माणसेही जवळ येतात. "जुळी का हो? मोठं कोणतं? तुम्ही ओळखता कशी?" हे तीन प्रश्न ठरलेले. मग लव-कुशाची किंवा नकुल-सहदेवाची आठवण निघते. एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर 'एका बाळंतपणात सुटलीस गं' असे अभिनंदन होते. माणसे हसतात, गालाला हात लावतात आणि पुढे जातात. यात वाईट काहीच नाही. पण ती दोन मुले जिच्या दोन्ही हातांत आहेत, ती बाई गेल्या आठवड्यात सलग तीन तास कधी झोपली, हा चौथा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही.

मी जुळ्यांची आई आहे. माझ्या मुलांनी आता तिशी ओलांडली आहे, त्यामुळे हे लिहिण्यामागे माझे स्वतःचे गाऱ्हाणे काही नाही. पण गेली कित्येक वर्षे आमच्या गावातल्या आणि आसपासच्या अशा बऱ्याच घरांत माझे जाणे-येणे झाले. त्यावरून माझे एक मत पक्के बनले आहे. जुळ्यांच्या आईबापांना सर्वांत मोठा आधार होतो तो जुळी वाढवलेल्या दुसऱ्या आईबापांचा. डॉक्टर हवेतच, घरात आजी हवी, गाठीला पैसा तर हवाच. पण या सगळ्यांनी मिळूनही भरत नाही अशी एक जागा उरते, आणि ती भरण्याची कोणतीही व्यवस्था आपण केलेली नाही.

आधी थोडा हिशेब मांडू. जुळी म्हणजे क्वचित घडणारे नवल, ही समजूत आता जुनी झाली. 'ह्यूमन रिप्रॉडक्शन' या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार जगात दरवर्षी सुमारे १६ लाख जुळ्या जोड्या जन्माला येतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हजार बाळंतपणांमागे नऊ असलेले हे प्रमाण २०१०-१५ या काळात बारावर गेले. जन्मणाऱ्या दर ४२ मुलांमागे एक मूल जुळ्यांपैकी असते, असा त्याचा अर्थ. याला मुख्य कारणे दोन. बायकांचे मातृत्वाचे वय पुढे गेले, आणि वय वाढते तशी एका वेळी दोन स्त्रीबीजे सुटण्याची शक्यता वाढते, हे एक. वंध्यत्वावरचे उपचार सर्वदूर पोचले, हे दुसरे. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा ती देशभरची बातमी झाली होती. आज अशा उपचारांच्या पाट्या लहान शहरांतही दिसतात. गर्भाशयात एकाहून अधिक गर्भ सोडले, की एकाहून अधिक मुले होण्याचा संभव वाढतो, हे उघडच आहे.

आपण कमीत कमी धरू, हजारी आठ-नऊच. तरीसुद्धा वर्षाला दोन हजार बाळंतपणे होणाऱ्या रुग्णालयात दर महिन्याला एक तरी जुळ्यांची आई घरी जाते. ती आपल्यासारख्या दुसऱ्या आईला न भेटताच घरी जाते, आणि माझे सगळे म्हणणे इथूनच सुरू होते.

दुप्पट म्हणजे किती?

'एकाचं करायचं तिथं दोघांचं करायचं, एवढंच ना!' असे पुष्कळांना वाटते. हे गणित कागदावर बरोबर आहे. नवजात बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा दूध पिते. दोघांचे सोळा ते चोवीस वेळा झाले. पाजणे, ढेकर काढणे, दुपटे बदलणे याला प्रत्येक वेळी अर्धा तास धरला, तर आठ ते बारा तास केवळ यातच जातात. पण माणसाच्या अंगाला हे गणित लागू पडत नाही. एका बाळाच्या आईला बाळ झोपले की झोपता येते. इथे एक झोपले की दुसरे उठते, आणि त्याच्या रडण्याने पहिले जागे होते. रात्र आणि दिवस यांतली सीमाच पुसली जाते.

त्यात जुळी बहुधा वेळेआधी येतात. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे भरण्याआधी जन्मतात, आणि तिळी असली तर बहुतेक सगळीच. वजन कमी भरते, मग काही दिवस 'पेटीत' ठेवावे लागते. कधी एक बाळ आईजवळ आणि दुसरे पेटीत, कधी एकाला घरी सोडतात आणि दुसरे दवाखान्यातच राहते. एकीकडे पान्हा दाटलेला, दुसरीकडे वाटीत दूध काढून रिक्षाने पाठवायचे, असे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ज्यांनी काढलेले नाहीत, त्यांना समजावून सांगण्याइतके त्राण त्या बाईत उरलेले नसते.

याचा परिणाम मनावर होतोच. २००९ साली अमेरिकेतल्या 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. बाळंतपणानंतर नऊ महिन्यांनी आयांची मनःस्थिती कशी आहे, हे त्यात तपासले होते. जुळ्या-तिळ्यांच्या आयांमध्ये खिन्नतेची लक्षणे आढळण्याचा संभव एका बाळाच्या आयांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. आपल्याकडे अशा बाईला 'दोन-दोन मुलं देवानं दिलीत, आणि रडतेस काय!' असे सुनावले जाते. जिच्या वाट्याला लोकांच्या मते दुप्पट आनंद आला, तिला दुःख बोलून दाखवायची चोरी होते. हे एकटेपण मला श्रमांपेक्षा अधिक घातक वाटते.

आजीचे ज्ञान कुठे थांबते?

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. हे सगळे पाश्चात्त्यांचे प्रश्न, आपल्याकडे माहेर आहे, सासर आहे, आजी आहे, मावशी आहे, शेक-शेगडी करणारी बाई आहे. खरे आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत शहाणपणाची आहे, आणि डिंकाच्या लाडवांपासून अळिवाच्या खिरीपर्यंत आजीला जे येते ते कोणत्याही पुस्तकात इतक्या मायेने लिहिलेले नाही. पण आजीने एका वेळी एकच मूल वाढवलेले असते. तिच्या पाच मुलांचा अनुभव हा एकापाठोपाठ पाच वेळा एका मुलाचा अनुभव असतो. दोन बाळे एका वेळी छातीशी कशी धरायची, हे तिने पाहिलेले नसते. म्हणून ती तिला माहीत असलेलाच उपाय सुचवते: 'एकाला वरचं दूध सुरू कर.' आणि जुळ्यांविषयीची घरातली परंपरागत माहिती पुष्कळदा 'गरोदरपणी जोडकेळं खाल्लंस का?' या प्रश्नापाशीच संपते.

शिवाय एकत्र कुटुंब आता किती घरांत उरले? पुण्या-पिंपरीला, ठाण्या-डोंबिवलीला नोकरीसाठी गेलेल्या जोडप्यांची आई दोन महिने येऊन राहते आणि गावाकडचे घर, शेती, नवऱ्याचे दुखणे यांसाठी परतते. त्यानंतरची दहा महिने कोणाची?

माझ्या माहेरी, बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात, पलीकडच्या आळीतल्या एक बाई आल्या. त्यांच्या जुळ्या मुली दहा वर्षांच्या होत्या. त्या बाळे बघायला आल्या नव्हत्या. आल्या तशा त्यांनी माझ्या मांडीवरचे मूल उचलले आणि म्हणाल्या, "आधी तू जेव. गरम आहे तोवर." मी जेवले. मग त्यांनी उशा रचून दोघांना दोन कुशींत धरून एकाच वेळी कसे पाजायचे ते दाखवले. दोन्ही मुले हुबेहूब सारखी होती, म्हणून एकाच्या पायात काळा दोरा बांधायला सांगितला. वहीत दोन रकाने आखून कोणी किती वाजता प्यायले, कोणाला शी झाली, औषध कोणाला दिले ते लिहायला लावले. "रात्री तीन वाजता आपलं डोकं चालत नाही. वही चालते," त्या म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, "मला माझं पहिलं वर्ष आठवतच नाही. तुलाही आठवणार नाही. पण संपतं ते." धीराची वाक्ये मला तोवर पुष्कळांनी ऐकवली होती. या वाक्याला वजन होते, कारण ते बोलणारी बाई त्या वर्षाच्या पलीकडे उभी होती. आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. ज्याचे पूर्वी जळले आणि जो सावरला, त्याला त्याहून थोडे अधिक कळते.

पुढे आम्ही सहा-सात जणी महिन्यातून एका रविवारी एका शाळेच्या व्हरांड्यात जमू लागलो. त्याला संस्था म्हणणे जड होईल. नाव नव्हते, वर्गणी नव्हती. सतरंजी, चहा आणि मुलांचा गोंधळ, एवढेच. पण तिथे ज्या गोष्टी एकीकडून दुसरीकडे गेल्या, त्यांतल्या काही नुसत्या सोयीच्या नव्हत्या.

एक उदाहरण डोळ्यांचे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते, आणि काही बाळांत ती पुढे विपरीत होऊन दृष्टी जाऊ शकते. वेळेत सापडले तर बहुतेकांची नजर वाचवता येते. म्हणून आपल्याकडे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही आधी, करावी असा दंडक आहे. जुळ्यांतली कितीतरी बाळे यात बसतात. रुग्णालयाच्या कागदावर हे लिहिलेले असते, पण डिस्चार्जच्या दिवशी दोन बाळे, चार पिशव्या आणि बिलाची चिंता यांत तो कागद पिशवीच्या तळाशी जातो. अशा वेळी "डोळे तपासून आणलेस का?" असे दारात उभ्याउभ्या विचारणारी बाई एखाद्या मुलाचे आयुष्य बदलते.

दुसरे उदाहरण वाढीचे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी वाढीच्या मापाने ते चार महिन्यांचेच धरायचे असते. पहिली दोन वर्षे वयाचा हिशेब खरी तारीख होती तिथून करायचा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. हे ठाऊक नसल्याने 'शेजारचं बसायला लागलं, आपलं मान धरत नाही' म्हणून रात्र-रात्र रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांनी ते त्यांना सांगितलेलेही होते. पण पटले ते तेव्हा, जेव्हा दुसरीने आपल्या धावत्या मुलाकडे बोट दाखवून सांगितले, "हा नऊ महिन्यांचा झाला तरी बसत नव्हता."

तिसरे उदाहरण जास्त नाजूक आहे. एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी, मुलगी रोडावत चाललेली. घरात कोणी तिला मुद्दाम उपाशी ठेवत नव्हते. मुलगा मोठ्याने रडे, आजी आधी त्याला पुढे करी, आणि मुलीच्या वाट्याला उरेल ते येई. बाहेरच्या माणसाने यावर बोलणे म्हणजे त्या घरावर आरोप करणे झाले असते. आमच्यातली एक बाई तिला एवढेच म्हणाली, "माझीही मुलगी अशीच मागे पडली होती गं. आता आधी तिला घे, मग त्याला. तो रडून मिळवतोच." महिन्याभराने वजनाच्या काट्यावर फरक दिसला. हे काम व्याख्यानाने झाले नसते.

एक आहे ना!

या विषयातला सर्वांत अवघड भाग मला टाळता येणार नाही. जुळ्यांची बाळंतपणे जोखमीची असतात, आणि काही घरांत दोनांतले एकच मूल हाती लागते. त्या आईबापांइतके एकटे कोणी नसते. घरात बाळ आहे, म्हणून सुतकी चेहऱ्याने बसता येत नाही. बाळ गेले आहे, म्हणून बारसे मनापासून करता येत नाही. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "जाऊ दे, एक तरी आहे ना पदरात." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण दोन मुलांच्या आईला एक मूल असणे म्हणजे एक मूल नसणे आहे, आणि जगलेल्या बाळाच्या प्रत्येक वाढदिवसाला ती दोन वर्षे मोजते.

आमच्याकडे अशी एक मुलगी आली होती. तिचा एक मुलगा नवव्या दिवशी गेला होता. चार महिने तिने त्याच्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. आमच्यातल्या एका बाईंचेही आठ वर्षांपूर्वी असेच झाले होते. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी विचारले, "त्याचं नाव काय ठेवणार होतीस?" तिने नाव सांगितले. घरात ते नाव कोणी उच्चारले नव्हते. मग ती रडली, आणि त्या दुपारी आम्ही दुसरे काही केले नाही.

नायजेरियातल्या योरुबा समाजात जुळ्यांचे प्रमाण जगात अतिशय जास्त आहे. तिथे जुळ्यांतले एक मूल गेले, की त्याच्या नावाची लहानशी लाकडी मूर्ती घडवून घेण्याची परंपरा होती. आई तिला न्हाऊ घाली, कपडे घाली, जेवू घाली. त्यामागच्या श्रद्धा त्यांच्या त्यांना. मला त्यात दिसते ते एवढेच, की गेलेल्या मुलाला घरात जागा आहे, हे त्या समाजाने उघडपणे मान्य केले होते. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ ब्रायन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी जुळ्यांच्या कुटुंबांसाठी आयुष्य वेचले आणि १९८८ साली 'मल्टिपल बर्थ्स फाउंडेशन' ही संस्था काढली. जुळ्यांतले एक गमावलेल्या आईबापांच्या दुःखाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जगाने काय केले

इतर ठिकाणी जुळ्यांच्या आईबापांनी स्वतःच हालचाल केली. अमेरिकेत गावोगावच्या जुळ्यांच्या आयांच्या मंडळांनी १९६० साली राष्ट्रीय संघटना बांधली. इंग्लंडमध्ये १९७८ साली अशीच संघटना उभी राहिली. २०१९ पासून ती 'ट्विन्स ट्रस्ट' या नावाने ओळखली जाते. तिच्या दूरध्वनी सेवेवर बोलणारे स्वयंसेवक स्वतः जुळ्या-तिळ्यांचे आईबाप असतात, आणि त्यांना त्या कामाचे प्रशिक्षण दिलेले असते. १९९५ साली जुळ्यांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतील आईबापांच्या संघटनांनी जुळ्या आणि बहुल मुलांच्या हक्कांचा आणि गरजांचा जाहीरनामाच मांडला.

आपल्या देशातले उदाहरण तर फार बोलके आहे. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातले कोडिन्ही हे गाव जुळ्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. सुमारे दोन हजार कुटुंबांच्या वस्तीत तिथे शेकडो जोड्या आहेत. शास्त्रज्ञ तिथे गेले, नमुने घेतले, पण नक्की कारण अजून हाती लागलेले नाही. छायाचित्रकार गेले, त्यांना सारख्या गणवेशातली मुले मिळाली. मला मात्र महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या गावाने २००८ साली जुळ्यांची आणि त्यांच्या नातलगांची संघटना स्थापन केली. कौतुकाने पोट भरत नाही, हे त्यांना सर्वांत आधी कळले.

अशा आधाराचा उपयोग होतो, याला पुरावा आहे का? आहे. कॅनडात सिंडी-ली डेनिस यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा धोका असलेल्या ७०१ स्त्रियांवर प्रयोग केला. निम्म्या जणींना, त्या अवस्थेतून स्वतः गेलेल्या सामान्य स्त्रियांचे फोन जात. बारा आठवड्यांनी, फोन न गेलेल्या गटात नैराश्याची लक्षणे २५ टक्के, तर फोन गेलेल्या गटात १४ टक्के आढळली. २००९ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. झारखंड आणि ओडिशातल्या खेड्यांत 'एकजुट' या संस्थेने बायकांचे गट केले. त्या महिन्यातून एकदा जमत, बाळंतपणातल्या अडचणी बोलत, आपणच उपाय ठरवीत. २०१०च्या 'लॅन्सेट'मधल्या निष्कर्षानुसार तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी झाले. हे प्रयोग जुळ्यांपुरते नव्हते, हे मान्य. पण सारख्या अवस्थेतून गेलेल्या साध्या बाईच्या बोलण्यात किती ताकद असते, ते त्यांतून दिसले. आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून काय साधता येते, ते १९९९ सालीच जगापुढे ठेवले.

कायद्याचा 'एकच घटक'

आता थोडे सरकारकडे वळू. दोनपेक्षा अधिक मुले असलेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा आपल्या राज्यातला नियम सर्वांना ठाऊक आहे. त्याच कायद्यात एक स्पष्टीकरण आहे: आधी एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुले झाली, तरी ती 'एकच घटक' मानावीत. नियम न्याय्य आहे, जुळी होणे कोणाच्या हातात नसते. पण हाच 'एकच घटक' नोकरदार आईच्या रजेत नकळत डोकावतो. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची पगारी रजा २६ आठवडे झाली, ही मोठीच गोष्ट होती. मात्र एक मूल झाले तरी २६ आठवडे, दोन झाली तरी तेवढेच, तिळी झाली तरी तेवढेच. वेळेआधी जन्मलेल्या जुळ्यांच्या आईची रजा पेटीबाहेर, खुर्चीवर बसून सुरू होते. बाळे घरी येतात तेव्हा त्यातले कित्येक आठवडे उडालेले असतात.

बापाची गोष्ट तर कोणी काढतच नाही. 'काय साहेब, डबल लॉटरी!' असे म्हणत त्याच्याकडून पेढे उकळले जातात. खासगी नोकरीत बापाला रजा देण्याची कायद्याची सक्ती नाही. रात्री जागून तो सकाळी कामावर जातो, आणि मनातल्या मनात दोन लसी, दोन शाळा, दोन फिया यांचा हिशेब करीत राहतो. आपली भीती बोलून दाखवायची पुरुषाला सवय नसते. पण आमच्या व्हरांड्यात बायकोला सोडायला आलेले नवरे हळूहळू बाहेरच्या कट्ट्यावर रेंगाळू लागले. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, ही माहिती एका ट्रकचालकाला त्या कट्ट्यावर मिळाली. खासगी रुग्णालयासाठी तो तोवर सावकाराकडे जायच्या बेतात होता.

धोके आणि मर्यादा

डॉक्टर मंडळींची शंका मी ऐकली आहे. अशा गप्पांतून अर्धवट माहिती पसरेल, घुट्टी आणि बाळकडूचे प्रयोग होतील, डॉक्टरांकडे जायला उशीर होईल. शंका रास्त आहे. म्हणूनच आमचा एक नियम होता: औषधाचे नाव कोणी कोणाला सांगायचे नाही. ताप, श्वास, झटका, दूध न ओढणे यांपैकी काही दिसले, तर चर्चा बंद आणि दवाखाना सुरू. आईचे मन फार खचलेले दिसले, तर तिलाही तिथेच न्यायचे. अनुभवी आईबापांचे काम उपचाराचे नाही. उपचारापर्यंत पोचण्याचे बळ देणे आणि उपचारांच्या मधल्या लांबलचक रात्रींत सोबत करणे, हे त्यांचे काम. ही सीमा पाळली, तर डॉक्टरांचे ओझे कमी होईल.

आज शहरांत मोबाइलवर अशा आया एकमेकींना शोधतात, हे चांगलेच आहे. पण ऊसतोडीला आलेल्या बाईला, पाड्यावरच्या आईला कोण शोधणार? तिथे माणूसच दारी जावे लागेल.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. गर्भारपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सोनोग्राफीत जुळे कळते. दोघांची वार एकच आहे की वेगवेगळी, हेही तेव्हाच पाहावे लागते, कारण वार एकच असेल तर तपासण्या बऱ्याच जास्त लागतात. म्हणजे बाळंतपणाआधी पाच-सहा महिने हाताशी असतात. ओळख तेव्हाच करून द्यायला हवी; बाळे घरी आल्यावर नवी ओळख करून घ्यायला सवड कुठली? प्रत्येक प्रसूतिगृहाने संमती देणाऱ्या, मुले दोन-तीन वर्षांची झालेल्या जुळ्यांच्या आईबापांची यादी ठेवावी आणि दोन्ही बाजूंना विचारून गाठ घालून द्यावी. मूल गमावलेल्यांची यादी वेगळी असावी. आशाताई नवजात बाळासाठी घरभेटी देतातच. त्यांना जुळ्यांच्या घरी जाताना गावातली, शेजारच्या गावातली एक अनुभवी आई बरोबर नेता येईल. अशा आयांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे: काय सांगायचे, काय सांगायचे नाही, आणि केव्हा दवाखान्यात न्यायचे. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाबाहेर ताटकळणाऱ्या आयांसाठी आठवड्यातून एक तास अशी एक बाई बसली, तरी सुरुवात होईल. रजेच्या कायद्यात जुळ्यांचा वेगळा विचार व्हावा, ही मागणी लोकप्रतिनिधींनी उचलावी.

आणि हा लेख वाचणाऱ्यांत कोणी जुळ्यांचे आईबाप असतील, त्यांची मुले आता शाळेत जाऊ लागली असतील, तर त्यांना माझे एक सांगणे आहे. तुमच्याच पेठेत, वाडीत किंवा सोसायटीत यंदा कोणाकडे तरी जुळी जन्मली असतील. ओळख नसली तरी जा. झबली नेऊ नका, ती त्यांच्याकडे ढीगभर झाली असतील. भाजी-पोळीचा डबा न्या, एक बाळ मांडीवर घ्या आणि तिला तासभर झोपू द्या. उठल्यावर ती जे विचारील, त्याची उत्तरे तुमच्याकडे आहेत.